झाकणाची चुळबुळ

आपीकारा मोरेहूला स्वस्थ बसता येत नाही, हे रोटोरुआपासून हॅमिल्टनपर्यंत तिच्या ओळखीच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खुर्चीत बसली की पाय हलतो, पाय दाबून धरला की बोटं टेबलावर ताल धरतात, आणि बोटांची मूठ वळली की भुवया सुरू होतात. चर्चमध्ये ती मुद्दाम मागच्या बाकावर बसते. पुढे बसली तर अख्खा बाक तिच्याबरोबर डुलतो आणि म्हाताऱ्यांना झोप लागते. तिला तान्हेपणापासून वाढवलं हुहाना आत्यानं, बापाच्या थोरल्या बहिणीनं. आत्या म्हणते, "जन्मल्या जन्मल्या हिला कुनीतरी तापल्या कुंडात बुचकळली आसंल. तवापास्नं उकळतीच हाय."

बुचकळायला कुंड शोधत जावं लागलं नसतं. गावच वाफेत बसलेलं. परसात वाफेच्या पेट्या, त्यांत पुडिंग आणि रताळी शिजतात. मक्याची कणसं जाळीत घालून कुंडात सोडायची आणि गप्पांच्या नादात विसरायची. प्रत्येक कुंडाचं काम ठरलेलं. अंघोळीचं वेगळं, रांधायचं वेगळं, आणि कोहुआ नावाच्या कुंडाची एक उथळ कड विणकाम करणाऱ्या बायकांची. तिथं हाराकेकेची, म्हणजे घायपातासारख्या एका झुडपाची, पाती भिजत पडलेली असतात. तलवारीएवढी लांब ही पाती दुसऱ्या कुठल्या कुंडात टाकली तर नुसती शिजतात. कोहुआच्या कडेला, दगडांवर नारिंगी साय धरते तिथं, एक रात्र राहिली की आतला चीक पातळ होऊन जातो आणि शिंपल्यानं ओढलं की वाख रेशमासारखा सुटून हातात येतो. का, ते कुणी विचारलं नव्हतं. आपीकारानं लहानपणी विचारलं तेव्हा आत्यानं तिला अजून पाती आणायला पिटाळलं होतं.

असल्या चळवळ्या बाईनं पोटासाठी धंदा कुठला धरावा, तर वाट बघण्याचा. शाळा सुटल्यावर ती लोणी कारखान्याच्या तपासणी खोलीत लागली, तिथं होहेपाशी गाठ पडली आणि लग्न झालं. तो दुधाचा टँकर चालवायचा आणि अजूनही चालवतो. पोरं शाळेत जायला लागल्यावर ती हॅमिल्टनच्या विद्यापीठात शिकायला गेली, शिकली, आणि तिथंच राहिली. आता ती स्फटिक वाढवते.

म्हणजे असं. जिवाणूच्या पोटातली कामं करणारी प्रथिनं असतात, एन्झाइम म्हणतात त्यांना. एखादं तोडतं, एखादं जोडतं. ती इतकी बारकी की कुठल्याही भिंगाखाली नीट दिसत नाहीत. मग त्यांचा थेंब घ्यायचा, त्यात मीठ-मसाला घालायचा, झाकून ठेवायचा आणि हळूहळू सुकू द्यायचा. नशीब असलं तर त्या थेंबातली कोट्यवधी प्रथिनं शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी राहावीत तशी रांगा धरून उभी राहतात. तोच स्फटिक. त्याला गोठवून त्याच्यावर क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात, आणि ठिपक्यांच्या गणितातून एका पोराचा चेहरा काढता येतो, कारण सगळी पोरं सारखी. अट एकच. रांगेत कुणी हलायचं नाही. हललेलं अंग फोटोत धुक्यासारखं येतं, किंवा येतच नाही.

आपीकारा या कामात पटाईत होती. तिचे थेंब ती कपाटात ठेवून घरी निघून जायची, कारण तिथं उभी राहिली तर टेबल हलवील ही भीती तिची तिलाच.

कोहुआच्या नारिंगी सायीतला एक चमचा तिनं मागितला, त्याला आता बरीच वर्षं झाली. मागितला म्हणजे सभाघरात, साऱ्या भावकीसमोर. पाणी भावकीचं, त्यातली किडामुंगी भावकीची. त्याआधी परदेशातले कुणी बाटल्या भरून घेऊन गेले होते ते पुन्हा उगवलेच नाहीत, त्यामुळं भावकीतले वडीलधारे एनोकाकाका तोंड कडू करून बसले होते. तेव्हा हुहाना आत्या उठून म्हणाली होती, "ही माझी पोरगी हाय. ती पानी न्हेईल आनि परत येऊन सांगंल की त्यात काय हाय आन् ते काम कसं करतं. न्हाई सांगितलं तर माझं नाव घ्या." म्हातारीनं आपलं नाव सभेत टांगलं होतं. आणि या हिवाळ्यात ती सभा पुन्हा भरायची होती. सांगितलं तर पाणी पुढे चालू. नाही सांगितलं तर पाणी बंद, आणि आत्याला सभाघरात बसायची पंचाईत.

सांगायला आपीकाराकडे होतंही. सायीतल्या जिवाणूचं ते एन्झाइम तिनं वेगळं केलं होतं. चीक म्हणजे साखरेच्या कड्यांची लांबलचक साखळी, आणि हे एन्झाइम ती साखळी तोडतं, इथवर कळलं होतं. चित्र मात्र सुरुवातीला काही केल्या येईना. स्फटिक धरायचे ते काट्याकुट्यासारखे. कारण सापडलं: प्रथिनाच्या एका अंगाला एक सैल पट्टी लोंबत होती, ती रांगेत स्थिर उभी राहीना. मग या धंद्यातले सगळे करतात तेच तिच्या प्रयोगशाळेनं केलं. जिवाणूला प्रथिन बनवायची जी कृती दिलेली असते, तिच्यातून त्या पट्टीच्या ओळी खोडल्या. प्रथिन पट्टीवाचून तयार झालं. आणि स्फटिक असे आले की प्रयोगशाळेतले लोक भिंगापाशी रांग लावून बघायला यायला लागले. हिऱ्यासारखे, कडा कापल्यासारख्या. चित्र तर असं स्वच्छ की एकेक अणू मोजून घ्यावा: मधोमध खोबण, खोबणीच्या तळाशी समोरासमोर दोन आम्लं, चिमटीच्या दोन बोटांसारखी.

प्रयोगशाळेचा प्रमुख आलेस्टर मकिंडो हा अगदी दक्षिण टोकाचा माणूस, इन्व्हरकार्गिलचा. बोलताना 'र' असा घोळवतो की समोरच्यानं तोवर चहा संपवावा. चित्र बघून तो म्हणाला, "आपी, हे मी चौकट करून घरात लावीन."

"बायको लावू देईल?"

"संडासात देईल."

आपीकारानं चित्र मोठं छापून घेतलं आणि शनिवारी गावाला नेलं. आत्या स्वयंपाकघरात डुकराची हाडं आणि पालेभाजी शिजत लावून बसली होती. तिनं हात पुसले, चष्मा लावला, चित्र खिडकीपाशी धरलं.

"ह्ये आपल्या कोहुआतलं?"

"हो आत्या."

"लोकरीचा गुंता वाटतोय." मग जरा लांब धरून, "न्हाई. गुंता न्हाई. ह्ये बघ, हितनं वळतंय, हितं जोडी हाय, हिकडं पुन्ना वळतंय. ह्ये विनलेलं हाय. कुनी विनलं?"

"कुणी नाही. आपोआप दुमडतं."

"आपोआप काय दुमडत न्हाई घरात. धुतलेलं कापड पडून हाय सकाळपास्नं, ते दुमडलं का?" तिनं चित्र फळीवर टेकवून ठेवलं. "सभंला ह्ये कागदावर नगं. मी विनते. भिंतीवर लावू. एनोकाच्या डोळ्यासमोर."

आपीकाराला काय आनंद झाला असेल ते तिच्या गुडघ्यांनी सांगितलं. टेबलावरची बशी वाजायला लागली तशी आत्यानं तिला बाहेर पेटी बघायला पाठवलं.

आत्या विणायला बसली. काळ्या चिखलात रंगवलेला वाख, पिवळा वाख, पांढरा वाख. पुरुषभर उंचीचा पडदा. फोनवर बोलताना आता तब्येतीच्या चौकशीऐवजी विचारायची, "ते उजव्या अंगाचं वळन वरनं जातं का खालनं?" आपीकारा चित्र बघून सांगायची.

इकडे तिनं सभेची तयारी धरली. नुसतं चित्र दाखवून काय व्हायचं. एनोकाकाका म्हणतील, रंगीत कागद आणलास. म्हणून तिनं ठरवलं की लोकांसमोर बाटलीत हाराकेकेचं पातं घालायचं, त्यात हे एन्झाइम घालायचं, बाटली कोहुआच्या पाण्यात बुडवायची आणि बोलणं संपेपर्यंत वाख सुटलेला दाखवायचा. आधी प्रयोगशाळेत रंगीत तालीम. गरम पाण्याच्या पात्रात बाटली ठेवली. दुपारी काढली. पातं जसंच्या तसं. चीक बोटाला चिकटून तार धरत होता.

तिनं पुन्हा केलं. एन्झाइम दुप्पट घातलं. पातं शिजलं, सुटलं मात्र नाही.

आलेस्टर सँडविच खात आत आला आणि तिचा चेहरा बघून सँडविच खिशात घातलं. "काय झालं?"

"हे मेलंय."

"कसं मेलं? पिवळं होतंय ना?"

पिवळं होत होतं, हीच तर गंमत. रोजच्या तपासणीला ते लोक विकतची बारकी साखर वापरायचे. एकच कडी आणि तिला रंगाचं शेपूट. शेपूट तुटलं की पाणी पिवळं. त्या तपासणीत एन्झाइम पहिल्या नंबरानं पास. खऱ्या चिकाची लांब साखळी त्याला कधी कुणी घातलीच नव्हती. चिकट कारभार, नळ्या खराब होतात, कोण घालणार?

आपीकारा शीतपेटीकडे गेली आणि तळाशी जपून ठेवलेली जुनी नळी काढून आणली. पट्टी न कापलेलं, मूळचं, गबाळं प्रथिन. तेच पातं, तेच पाणी. आलेस्टरचं सँडविच खाऊन होईतोवर चीक पाण्यासारखा पातळ झाला होता.

मग आलेस्टर म्हणाला, "ती पट्टी."

"ती पट्टी लोंबत नव्हती रे. काम करत होती."

"म्हणजे आपण..."

"बोलू नकोस. मला आधी बसू दे." ती बसली आणि लगेच उठली.

आलेस्टर सुज्ञ माणूस होता. त्यानं संध्याकाळपर्यंत तिच्या वाटेत येण्याचं टाळलं, आणि मग येऊन जे म्हणायचं ते म्हणाला. "चित्र खरंच आहे, आपी. खोटं नाही. सभेत चित्र दाखव, जुनी नळी वापर, वाख सुटेल. कुणाला कळणार?"

"मला."

"ते सोडून."

"आत्या विणतेय ते, आलेस्टर. भिंतीवर लागणार. सभाघरात मुक्काम पडला की माझी नातवंडं त्याच्याखाली झोपतील. आणि सांगायचं काय? 'कसं काम करतं' हे सांगायचा शब्द दिलाय. यानं काम होतच नाही."

तो म्हणाला, "मग गबाळ्याचेच स्फटिक धरायला हवेत. मांजर आणू का?"

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या कचेरीत विचारला असता तर लोकांनी वर बघितलं असतं. पण हट्टी प्रथिनाला स्फटिक धरायला लावायचं तर आधीच्या चुऱ्यातला कणभर चुरा नव्या थेंबातून ओढून न्यावा लागतो, आणि त्या कामाला मांजराच्या मिशीसारखं हत्यार नाही. लवचीक, निमुळती, खरखरीत. मांजराची मिशी आपसूक गळते ती उचलायची असा नियम आहे. आलेस्टरच्या बोक्यानं मात्र त्या आठवड्यात मिशा जपायचं मनावर घेतलं होतं. रविवारी आलेस्टरच्या सोफ्याखाली आपीकारा आणि होहेपा दोघं पालथे पडून चाचपत होते.

"टँकर चालवणाऱ्या माणसानं हे करायचं?" सोफ्याखालून होहेपा म्हणाला.

"तू हात लांब कर. बोलू नकोस."

"हे काय लागलं?"

"तो त्याचा उंदीर."

"खेळण्यातला?"

"बघ तूच."

मिशी सापडली. उंदीर खेळण्यातला नव्हता.

स्फटिक आले, पण देखणे नाहीत. बारीक, कडा खाल्लेले, साखर सांडल्यासारखे. एरवी असल्यांना कुणी हात लावला नसता. त्यातही आपीकारानं एक नवंच काढलं. म्हणाली, आपण सगळं गोठवून बघतो. गोठवलं की मेलबर्नच्या मोठ्या यंत्रातल्या क्ष-किरणांत स्फटिक टिकतो, मान्य. पण हे उकळत्या पाण्यातलं जनावर. साध्या खोलीतच ते आखडून बसतं; गोठवलं की त्याला जागच्या जागी खिळा ठोकल्यासारखं. आपण दाराला खिळा ठोकतो आणि मग लिहितो की दार उघडत नाही. यावेळी गोठवायचं नाही. उलट स्फटिकाला सोसेल तितकं तापवायचं, चिकाच्या साखळीचा तुकडा त्यात मुरवायचा, आणि तसंच किरणांपुढे धरायचं.

"डोळ्याचं पातं लवायच्या आत मरतील," आलेस्टर म्हणाला. "उन्हात लोणी ठेवल्यासारखं."

"मरू देत. मरण्याआधी एक ठिपक्यांचं पान देईल ना प्रत्येक? खूप आहेत आपल्याकडे. हा मेला की दुसरा."

मेलबर्नच्या विमानतळावर तपासणीवाल्यानं डबा उघडायला लावला. "काय आहे?"

"गरम पाण्यातल्या जिवाणूचं प्रथिन."

"खायचं आहे?"

"खाल्लं तर आमची अनेक वर्षं खाल," आलेस्टर म्हणाला, 'र' घोळवत. माणसानं कागद बघितले आणि घाईनं डबा बंद केला.

शहराबाहेर त्या क्ष-किरणांचं गोल, मोठ्या मैदानाएवढं घर आहे. दिवसभर दोघं पडद्यासमोर बसून एकेक स्फटिक किरणांपुढे सरकवत होते. स्फटिक यायचा, एक पान द्यायचा, काळवंडायचा. पुढचा. आपीकाराला या कामात पहिल्यांदाच बरं वाटत होतं. कुणी तिला स्थिर राहा म्हणत नव्हतं. पानं जमली, यंत्रानं गणित घातलं, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी चित्र उमटायला लागलं.

खोबण तीच. दोन आम्लं तीच. आणि खोबणीच्या तोंडाशी, जिथं आधी काहीच नव्हतं, तिथं धूर. आपीकारानं खुर्ची पुढे ओढली. धूर एक नव्हता, दोन होते. एक वर उचललेला, एक खाली टेकलेला. काही स्फटिकांत पट्टी उघडी होती, काहींत मिटलेली, आणि फोटोत दोन्ही एकमेकांवर छापल्या गेल्या होत्या.

"झाकण आहे," ती म्हणाली.

खाली टेकलेल्या झाकणाखाली चिकाची साखळी होती, आणि तिची एक कडी सरळ नव्हती. झाकणानं दाबून तिला कंबरेत वाकवली होती. एरवी आरामखुर्चीसारखी ऐसपैस बसणारी कडी वाकून ताणलेली, आणि ताणलेल्या जागेच्या बरोबर खाली ती दोन आम्लांची चिमटी. वाकवल्यावर तोडायला बळ कितीसं लागतं? एक आम्ल जरा पुढे होतं, दुसरं पाण्याचा कण ओढून आणतं, कडी तुटते. मग झाकण उचलायचं, तुकडे जाऊ द्यायचे, साखळी पुढे सरकवायची, पुन्हा दाबायचं. बारक्या विकतच्या साखरेला झाकणाची गरजच नव्हती. ती आपली खोबणीत पडायची आणि तुटायची. लांब, ताठ साखळीला मात्र कुणीतरी वरून दाबायलाच हवं होतं.

आलेस्टरनं पडद्याला नाक लावलं. "इतकं घाणेरडं चित्र मी आयुष्यात छापलेलं नाही," तो म्हणाला. "आणि इतकं चांगलं पण नाही. आपी, खुर्ची हलतेय."

"हलू दे."

परत आल्यावर अवघड काम उरलं. आपीकारा गावी गेली तर पडदा जवळजवळ पुरा झालेला, भिंतीला टेकवलेला. आत्याच्या बोटांना फडकी गुंडाळलेली. उजव्या अंगाची किनार तिनं इतकी घट्ट आणि बारीक घातली होती की सुई जाऊ नये.

आपीकारानं उभ्याउभ्याच सांगितलं. पट्टी कशी कापली, चित्र कसं स्वच्छ आलं, पातं कसं सुटलं नाही.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे ह्ये खोटं?"

"खोटं नाही. अर्धं. उजव्या अंगाला जिथं तू किनार घातलीस ना, तिथं झाकण आहे. हलणारं."

"मंग मला ही किनार कशापायी घालाया लावली?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं."

"फोनवर चारदा इचारलं मी. वरनं का खालनं. तू म्हनलीस, खालनं जाऊन संपतं."

"चुकले, आत्या."

"मी सोडनार न्हाई ह्ये." आत्या उठून चुलीकडे गेली. "सभा चार दिसांवर आली. माझं काम चुकल्यालं न्हाई. तुझं चुकलंय. तू सभेत सांग काय सांगायचं ते. माझा पडदा लागंल." तिनं पातेल्यातलं पुडिंग काढलं, पंच्यात बांधलं आणि आपीकाराच्या हातात दिलं, म्हणजे बोलणं संपलं. पुडिंग होहेपानं खाल्लं. त्या दिवशी आपीकाराचे पायसुद्धा हलले नाहीत, असं होहेपा नंतर सांगायचा. गाडीत दोनदा त्यानं तिला चिमटा काढून बघितला.

सभेच्या दिवशी सभाघर भरलेलं. बाहेर वाफ आणि पाऊसझड यातला फरक कळत नव्हता. आत गाद्यांवर म्हातारी मंडळी, भिंतीवर कापड टाकून झाकलेला पडदा. आत्या त्याच्याखाली बसली होती. आपीकाराकडे तिनं बघितलं नाही.

आपीकारानं येता येता कोहुआच्या कडेला दोन बाटल्या बुडवून ठेवल्या होत्या, दोन्हींत पातं, एकीत पट्टी कापलेलं प्रथिन, दुसरीत मूळचं. बोलायला उभी राहिली तेव्हा हातात शिंपला होता.

"वाख काढताना शिंपला कसा धरतो ते इथं सगळ्यांना येतं," ती म्हणाली. "पातं डाव्या हातात, शिंपला उजव्या. दाबायचं, ओढायचं, उचलायचं. आता मी या शिंपल्याचा फोटो काढला, हात न दाखवता. फोटो सुरेख येईल. पण परक्या माणसाला तो बघून वाख काढता येईल का?"

"न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"आम्ही तसाच फोटो काढला. कोहुआतल्या त्या जिवाणूकडे असलाच शिंपला आहे, आणि त्याला हातही आहे. हात हलायचा, फोटो बिघडायचा. म्हणून आम्ही तो कापून टाकला."

सभाघरात कुजबुज झाली. एनोकाकाका काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांनी मान उचलली. "थांब, पोरी. म्हंजे नाचनाऱ्याचा फोटो हलला, म्हनून तुम्ही त्याचं पाय कापलं?"

"हो काका."

"आन् मंग इचारलं, ह्यो नाचत का न्हाई?"

"तेही विचारायचं आम्हाला बराच काळ सुचलं नाही."

आधी एक म्हातारी हसली, मग तिच्या शेजारची, आणि मग सभाघर असं हसलं की आपीकाराला थांबावं लागलं. या हशातही एनोकाकाकांचा चेहरा मात्र तसाच. होहेपानं दोन्ही बाटल्या आणल्या. तिनं पहिल्या बाटलीतलं पातं काढून एनोकाकाकांच्या हातात दिलं. ते त्यांनी शिंपल्यानं ओढलं. हिरवा लगदा निघाला. दुसरं दिलं. शिंपला टेकवला न टेकवला तोच वाख सुटून त्यांच्या मांडीवर पसरला.

ते बोटांनी तो चाचपत राहिले. "कोहुआतच का? गार पान्यात का न्हाई सुटत?"

"गारात झाकण आखडतं, काका. तोच आकार, तीच चिमटी, पण उघडमिट होत नाही. तुम्ही रोज सकाळी कुंडात का बसता?"

"गुडघ्यापायी."

"तसंच."

आता ते हसले. सगळे दात नव्हते, पण होते तेवढे दिसले. "आन् ते उघडायचं कधी, मिटायचं कधी, कोन सांगतं त्येला?"

"कुणी सांगत नाही. पाण्याच्या उबेनं सारखं चुळबुळत असतं. साखळी हाताशी लागली की मिटणं जरा जास्त टिकतं. नेमकं किती, कसं, ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्यासाठीच पाणी हवंय."

ती थांबली. तिथल्या रीतीप्रमाणे बोलणं संपलं की बोलणाऱ्याच्या बाजूनं कुणीतरी उठून गाणं धरायचं असतं. त्याशिवाय बोलणं सभेत उतरत नाही. कुणी न उठलं तर बोलणारा एकटा पडला. आपीकारा उभी राहिली. होहेपा उठायला गेला, पण त्याचा आवाज सगळ्यांना ठाऊक असल्यामुळं शेजारच्यानं त्याचा सदरा धरून ठेवला.

हुहाना आत्या उठली. आधी तिनं पडद्यावरचं कापड ओढून काढलं. डावं अंग, मधली खोबण, पिवळी चिमटी, सगळं होतं तसंच. उजव्या अंगाची किनार मात्र तिनं उसवली होती, सगळी, टाक्याटाक्यानं, आणि मोकळे झालेले काळे वाख हातभर खाली सोडले होते. फडकी गुंडाळलेली बोटं पोटाशी धरून तिनं गाणं धरलं. कुंडाकाठी बायका म्हणतात तेच, वाख ओढतानाचं. दुसऱ्या ओळीला सगळं सभाघर तिच्यामागे होतं.

गाणं संपल्यावर एनोकाकाका काठी टेकत उठले. म्हणाले, पाणी घ्या. दर हिवाळ्यात येऊन सांगायचं, आणि पुढल्या खेपेला त्या आलेस्टरला पण घेऊन यायचं, त्याला नाचायला लावू. भावकीनं हो म्हटलं. मग सगळे तळलेल्या पावाच्या वासानं दाराकडे वळले. दार उघडलं तसा बाहेरचा ओला वारा आत आला आणि पडद्याचे मोकळे वाख हलायला लागले. एनोकाकाका जाता जाता थबकले, आणि ते गुंतू नयेत म्हणून त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नगा," आत्या म्हणाली. "त्येचं काम चालू हाय."